'बळी तो कान पिळी' हाच नियम असेल, तर एका सड्यावर इतक्या जाती कशा?

सडेकर, पेडणे

आमच्या घरामागे जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, आहे. वैशाखात त्यावर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही आणि गुरांना चघळायला काडी मिळत नाही. परंतु मृगाच्या सरी स्थिरावल्या की त्याच कातळावर हिरवळ धरते आणि श्रावण सरेपर्यंत तो निळा, जांभळा, पांढरा असा रंग पालटत राहतो. गेल्या रविवारी आठवीतल्या नातीला घेऊन तिथे गेलो होतो. चटईएवढ्या जागेत तिने अकरा निरनिराळी रोपे मोजली. सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू आणि तेरडा एवढी मला ओळखता आली. उरलेल्यांपुढे मी हात टेकले. परतताना तिने विचारले, "आजोबा, जो सर्वांत लायक तो टिकतो, असे शाळेत शिकवले. मग या चटईवर सर्वांत लायक असलेले एकच रोप का उरले नाही? बाकीच्या दहांना कोणी राहू दिले?"

मी पस्तीस वर्षे बँकेत व्याजाचे हिशेब केले. मला ठाऊक असलेला निसर्गनियम 'बळी तो कान पिळी' एवढाच, आणि तो या चटईवर लागू पडत नाही हे मलाही दिसत होते. देवाची लीला म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण मुलगी तेवढ्यावर गप्प बसणारी नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे. उत्क्रांती जर सरसाला निवडते आणि निरसाला टाकते, तर पृथ्वीवर एवढे प्रकार आले कोठून आणि टिकले कसे?

वाळपईची बाई

सडेकरकाका, आपल्या नातीने योग्य जागी बोट ठेवले आहे. मी उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवत असताना हा प्रश्न मला फारच थोड्या मुलांनी विचारला, आणि ज्यांनी विचारला ती मुले मला अजून आठवतात.

घोटाळ्याचे मूळ शब्दात आहे. 'योग्यतमाचे टिकणे' हा शब्दप्रयोग डार्विनचा नव्हे. तो इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये केला आणि डार्विनने तो आपल्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे १८६९ मध्ये, उचलला. मराठीत येताना 'योग्यतम' कधी 'बलवत्तम' झाला हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. डार्विनचे आणि त्याच वेळी स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचलेल्या वॉलेसचे म्हणणे साधे होते. एकाच जातीतील जीव एकसारखे नसतात. त्यांच्यातील काही फरक संततीत उतरतात. आणि ज्या परिस्थितीत ते राहतात तिला जुळणारे फरक असलेल्यांची संतती मागे अधिक उरते. यात बळाचा उल्लेख कोठेही नाही. लायकी हा रोपाच्या अंगचा गुण नसून रोप आणि जागा यांच्यातील नाते आहे.

आता आपल्या चटईकडे पाहू. सड्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो आणि पावसाने धुऊन निघाल्यामुळे त्यात नत्र फारसे नसते. दवबिंदूच्या पानांवरील चिकट केसांना किडे चिकटतात व झाड त्यांच्यापासून नत्र मिळवते. सीतेच्या आसवांच्या निळ्या फुलाखाली, ओल्या मातीत, बारीक फुगे असतात. पाण्यातील सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी आला की डोळ्याचे पाते लवण्याच्या आत तो आत ओढला जातो. ही सगळी सामग्री बाळगणे महाग आहे. हेच रोप एखाद्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या मिश्र बागेत, शेणखताच्या काळ्या मातीत लावले तर शेजारचे साधे तण त्याला सावलीत टाकून मारील. शिवाय सडा आपल्याला सपाट दिसत असला तरी डबके, डबक्याचा काठ, भेग, भेगेतली माती आणि उघडा कातळ या पाच निरनिराळ्या जागा आहेत. लायक कोण, असे विचारले तर 'कुठे?' असा प्रतिप्रश्न केल्यावाचून उत्तर देता येत नाही.

निवटी

थोडक्यात, कोणाची लायकी काढण्यापूर्वी त्याचा पत्ता विचारावा. मी स्वतः भरती-ओहोटीच्या मधल्या चिखलात राहणारा मासा असल्यामुळे मला हा सिद्धांत मनापासून पटला.

खाजनकार, तिसवाडी

बाईंच्या शेवटच्या वाक्याला शेतकऱ्याची साक्ष देतो. आमची जमीन तीन प्रकारची: डोंगराच्या उतरणीवर मोरड, मधल्या वाळूमिश्रित पट्ट्यात खेर आणि खाडीकाठी खाजन. वडिलांच्या वेळी खाजनात कोरगुट हे भात होते. उंच वाढते, तांदूळ जाडा, उतारा कमी. पुढे जया आणि ज्योती ही भाताची नवी वाणे आली, खेर जमिनीत त्यांनी घर भरून दिले, तेव्हा मला वाटले की खाजनातही तेच लावावे. वडील नको म्हणत होते; मी ऐकले नाही.

दोन वर्षे पीक चांगले आले. तिसऱ्या वर्षी खेकड्यांनी बांध पोखरला, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या झडपेच्या) बाजूने खाडीचे पाणी आत शिरले आणि चार दिवस उभे राहिले. माझे जया पिवळे पडून झोपले. शेजाऱ्याने हट्टाने कोरगुटच ठेवले होते; त्याच्या शेताची टोके थोडी करपली, एवढेच. आमच्या दोन शेतांमध्ये फक्त एक हातभर रुंदीचा बांध होता.

नंतर एका कृषी अधिकाऱ्याने मला समजावले की, मीठ मुळाबाहेर थोपवायला किंवा आत आलेले मीठ वेगळे कोंडून ठेवायला रोपाला आपली शक्ती खर्चावी लागते, आणि तेवढी दाण्यात कमी जाते. गोड्या पाण्यात हा खर्च वायफळ, म्हणून तिथे जया जिंकते. खाऱ्या पाण्यात तोच खर्च म्हणजे जीव. सर्व ठिकाणी जिंकणारे भात माझ्या पाहण्यात अजून आलेले नाही. आले तर बियाणे प्रथम मला द्यावे.

संकासूर, सावईवेरे

चर्चा वाचून आनंद झाला. तथापि एक गोष्ट कोणीच कशी मांडली नाही? आपल्या पूर्वजांनी दशावतारांत उत्क्रांतीच सांगितली आहे. प्रथम पाण्यातील मत्स्य, मग पाणी व जमीन दोन्हींवरील कूर्म, मग जमिनीवरील वराह, मग अर्धा पशू अर्धा मानव नरसिंह, मग खुजा वामन, आणि शेवटी पूर्ण मानव. पाश्चात्त्यांना हे १८५९ मध्ये, डार्विनच्या ग्रंथात, सुचले. आमच्या गावच्या काल्यात (दशावतारी नाटकात) मी स्वतः वर्षानुवर्षे सोंग घेत आलो आहे, तेव्हा क्रम तरी चुकणार नाही.

रानवाट, मोले

संकासूर महाराज, आपले सोंग मी पाहिले आहे आणि रंगमंचावर आपल्याशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. हे साम्य आपल्याआधीही अनेकांच्या मनात आले आहे. परंतु अवतारांची रांग ही शिडी आहे: एक पायरी संपली की पुढची. सडेकरकाकांचा प्रश्न नेमका शिडीने सुटत नाही. शिडीवर मासा वर चढला की खालची पायरी रिकामी व्हायला हवी. प्रत्यक्षात माशांच्या आज तीस हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि पाठीचा कणा असलेल्या सर्व प्राण्यांच्या जातींपैकी निम्म्याच्या आसपास मासेच आहेत. मासा मागे राहिलेला नाही. आपले आणि बांगड्याचे पूर्वज एके काळी एकच होते, तेव्हापासून बांगड्याने आपल्याइतकीच वर्षे उत्क्रांतीत घालवली आहेत.

शिडीऐवजी वडाचे झाड डोळ्यांपुढे आणावे. फांदीला फांदी फुटते, काही वाळून गळतात, आणि आज हिरवी असलेली प्रत्येक डहाळी मुळापासून सारख्याच काळाच्या अंतरावर असते. माणूस ही त्यांतली एक डहाळी; शेंडा नव्हे.

निवटी

रानवाट यांचे आभार. पायांसारखे पर वापरून चिखलावर उड्या मारत असल्यामुळे 'हा बेडूक व्हायला निघालेला मासा' असे माझ्याविषयी आजवर बोलले गेले. मी कोठेही निघालेलो नाही. मी पोहोचलेलो आहे.

मुळगावकर

मला एक शंका आहे आणि ती प्रामाणिक आहे. जागेला जुळणारी रोपे त्या त्या जागी टिकतात, इथपर्यंत समजले. परंतु एका जातीची दुसरी जात झालेली कोणी पाहिली आहे काय? कोट्यवधी वर्षांचे आकडे समोर ठेवले की माणूस गप्प बसतो. त्याला पटलेलेच असते असे नाही.

औषधालयवाला, म्हापसा

मी माझ्या गल्ल्यावर बसून बदल पाहतो. पाच दिवसांची प्रतिजैविके लिहून दिलेली असताना दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवणारे, आणि पुढच्या तापाला त्याच घेणारे गिऱ्हाईक रोज भेटते. जंतू वीस मिनिटे ते अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. कोट्यवधींमध्ये दोन-चारांना औषध सोसण्याची क्षमता योगायोगाने मिळालेली असते. औषधाने इतर मेले की मोकळे रान त्यांचेच. पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ मध्येच, नोबेल स्वीकारताना, अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगून ठेवला होता. औषधाने जंतूंना काही शिकवले नाही; त्याने फक्त निवड केली.

वाळपईची बाई

मुळगावकर, शंका योग्य आहे. औषधालयवाल्यांच्या उदाहरणाला पक्ष्याचे एक जोडते. गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून दरवर्षी जाऊन तेथील फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ मध्ये पाऊस पडला नाही. बारीक बिया संपल्या आणि मोठ्या, कठीण बिया उरल्या. त्या फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी अधिक संख्येने वाचले आणि त्यांच्या पिल्लांच्या चोची आधीच्या पिढीहून सरासरीने जाड निघाल्या. आता पुढचा भाग, जो पाठ्यपुस्तकांत बहुधा गाळला जातो: १९८३ मध्ये त्या बेटावर प्रचंड पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि निवडीचे पारडे लहान चोचींकडे झुकले.

म्हणजे खाजनकारांच्या बांधाचीच कथा. १९७७ चा लायक पक्षी १९८५ चा लायक नव्हता. परिस्थितीच जर स्थिर राहत नसेल, तर कायमचा विजेता निवडून काढायला वेळच मिळत नाही.

हे झाले एका जातीतल्या बदलाविषयी. एकीच्या दोन जाती कशा होतात, ते रानवाट यांनी सांगावे. रात्रीच्या रानात बॅटरी घेऊन फिरण्याचा अनुभव त्यांना आहे, मला आता गुडघे साथ देत नाहीत.

रानवाट, मोले

बाईंची आज्ञा. दोन जाती होण्यासाठी बहुधा दुरावा लागतो. एकाच जातीचे दोन गट डोंगराने, नदीने किंवा समुद्राने इतका काळ वेगळे पडले पाहिजेत की त्यांच्यात साठत गेलेल्या फरकांमुळे पुन्हा भेटल्यावर त्यांची सोयरीक जमू नये. सह्याद्रीत याचे नमुने भरपूर आहेत. केरळातील पालघाट खिंडीने डोंगररांग सुमारे तीस किलोमीटर तोडली आहे. उंचावरच्या थंड शोला रानात राहणाऱ्या निळ्या रॉबिन पक्ष्याला ही उष्ण खिंड ओलांडवत नाही. म्हणून खिंडीच्या उत्तरेला एक जात आणि दक्षिणेला दुसरी. बेडकांची तर गोष्टच वेगळी. कातडी ओली ठेवावी लागत असल्यामुळे कोरडे मैदान त्यांना समुद्रासारखेच. पश्चिम घाटातील उभयचरांच्या तीन चतुर्थांशांहून अधिक जाती जगात अन्यत्र कोठेही सापडत नाहीत.

आणि आपल्या मातीतली गोष्ट सांगतो. पावसाळ्यात पालापाचोळा उकरताना गांडुळासारखा, पण तोंडाला जबडा असलेला, बिनपायांचा एक उभयचर कधीकधी निघतो. त्याला देवगांडूळ म्हणतात. लोक सापाचे पिल्लू समजून त्याला ठेचतात. म्हादईच्या खोऱ्यातून आणि बोंडल्यातून त्याच्या नव्या जाती २००० नंतर नोंदल्या गेल्या. एकीच्या शास्त्रीय नावात तर गोवाच आहे. या देवगांडुळांचे जवळचे नातलग कोठे असतील? आफ्रिकेजवळच्या सेशेल्स बेटांवर. खारे पाणी सोसू न शकणारा हा प्राणी पोहत तिकडे गेला नाही. भूमीच फाटली. भारताचा भूखंड सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सपासून सुटला व उत्तरेकडे सरकत आशियाला येऊन भिडला. केरळात २००३ मध्ये जगाला ओळख झालेल्या नाकाड्या जांभळ्या बेडकाचे सगेसोयरेही सेशेल्सवरच आहेत. दोन्ही प्राण्यांच्या नात्यांत जुन्या दुराव्याची खूण सापडते.

संकासूर, सावईवेरे

देवगांडुळाला पाहून मी स्वतः दोनदा कोयता उगारला आहे. यापुढे उगारणार नाही. अवतारांचे माझे म्हणणे मात्र मी अजून मागे घेतलेले नाही. विचार करतो आहे.

कुळागरी, फोंडा

बाईंचे 'जागा' आणि रानवाटांचे 'दुरावा' हे दोन्ही मान्य करूनही माझे समाधान झालेले नाही, आणि ते स्पष्ट लिहितो. नातीचा प्रश्न एकाच चटईविषयी आहे. तिथे दुरावा नाही, आणि अकरा रोपांसाठी अकरा निराळ्या जागा आहेत असे मानणे मला ओढूनताणून वाटते. आमच्या मागच्या रानात दहा पावलांत दहा प्रकारची झाडे आहेत. माती, सावली, पाऊस सगळे सारखेच. तिथे काय?

माझा अनुभव असा की, कोणीही फार झाला की त्याला त्याचाच शत्रू गाठतो. माझ्या आजोबांच्या कुळागरात सुपारी, तिच्यावर चढलेली मिरी, मध्ये केळी, जायफळ, फणस, खाली अननस असे सगळे मिसळलेले होते. मी भावाच्या मोहाने एका कुणग्यात निव्वळ सुपारी दाट लावली. श्रावणात कोळेरोग आला तो एका झाडावरून दुसऱ्यावर ओट्यावरून ओट्यावर गेल्यासारखा गेला; मोरचूद आणि चुन्याची फवारणी करून मी थकलो. मिश्र भागात तोच रोग आला, पण रेंगाळला.

हेच जंगलात घडते, असे डॅनियल जॅन्झन आणि जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञांनी १९७० व १९७१ मध्ये स्वतंत्रपणे मांडले होते. मोठ्या झाडाखाली त्याच्या जातीची कीड आणि बुरशी साठलेली असते. त्याच्याच बिया तिथे पडल्या तर रोपे मरतात. परक्या जातीचे रोप मात्र वाचते, कारण ती कीड त्याला ओळखत नाही. त्यामुळे ज्याची संख्या वाढते त्याचे नुकसान वाढते आणि जो विरळ आहे त्याला संधी मिळते.

उलट उदाहरण केळीचे. खाण्याच्या केळीला बी धरत नाही. आपण मुनवे लावतो, म्हणजे बागेतले प्रत्येक झाड आईची हुबेहूब नक्कल. 'ग्रो मिशेल' ही एकच जात लॅटिन अमेरिकेत मैलोगणती लावली गेली होती. पनामा रोगाच्या बुरशीने ती अशी झोपवली की १९६० च्या सुमारास व्यापार 'कॅव्हेंडिश' या दुसऱ्या जातीवर न्यावा लागला. आता तीही तशीच मैलोगणती लावलेली आहे, आणि तिला लागणारी बुरशीही निघाली आहे.

मुळगावकर

मग आमच्या डोंगरावर रानमोडी का माजली आहे? ती फार झाली, तरी तिला कोणी गाठत नाही.

कुळागरी, फोंडा

कारण ती अमेरिकेहून आली आणि तिचे शत्रू तिकडेच राहिले. हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. काजूसुद्धा पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. परंतु त्याची फेणी होत असल्यामुळे त्याच्याविषयी कोणी तक्रार करत नाही.

आकडेमोड, पणजी

वर सर्वांनी प्रत्येक फरकाला कारण शोधले आहे. मी थोडा विरोध नोंदवतो. सगळे फरक उपयोगाचे असतात असे नाही. शंभर रोपांच्या वस्तीत पन्नास निळी आणि पन्नास पांढरी असतील आणि रंगाने कोणाचेही काही अडत नसेल, तरी दर वर्षी कोणाचे बी कोठे पडले या निव्वळ नशिबाने हे प्रमाण हलत राहील, आणि पुरेशा पिढ्यांनंतर एक रंग उरेल. लहान वस्तीत हे लवकर घडते. दोन शेजारच्या सड्यांवर एकीकडे निळा आणि दुसरीकडे पांढरा उरला, तर त्यामागे 'निळ्याचा फायदा काय' असे विचारत बसणे व्यर्थ ठरेल. जपानी शास्त्रज्ञ मोतू किमुरा यांनी १९६८ मध्ये मांडले की, रेणूंच्या पातळीवरील बहुतेक बदल असेच निरुपद्रवी व निरुपयोगी असतात आणि योगायोगाने पसरतात किंवा नाहीसे होतात.

योगायोगाची मोठी आवृत्ती म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातानवर आदळलेली उल्का. डायनासोर त्या दिवसापर्यंत नालायक नव्हते. ते गेले (पक्षी तेवढे उरले) म्हणून सस्तन प्राण्यांना फांद्या फुटायला मोकळीक मिळाली.

आता अभिमानाची एक गोष्ट, विषय न सोडता. निवडीला निवडायला आधी फरक हवेत. ते उत्परिवर्तनाने, म्हणजे जनुकांतील अचानक बदलाने, जन्मतात आणि लैंगिक प्रजननात आईबापांच्या जनुकांची पिसणी होऊन नव्या जुळण्या तयार होतात. ही पिसणी किती होते यावरून गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर काढण्याचे एक सूत्र १९४० च्या दशकात ज्यांनी दिले आणि जे आजही त्यांच्या नावाने जगभर वापरले जाते, ते दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्या कोसबे गावात १९०७ मध्ये जन्मले. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो; पीकसुधारणा करणारे त्यांना 'कोसंबी फलन' म्हणून ओळखतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना ते गणिती गोमंतकीय होते हे ठाऊकही नसते.

रुमडाखाली, काणकोण

इतका वेळ वाचत होते. शत्रूमुळे विविधता राखली जाते हे कुळागरींनी सांगितले. मैत्रीनेही ती वाढते, हे कोणी तरी लिहायला हवे. 'उंबरातले किडे उंबरातच' असे आपण तुच्छतेने म्हणतो, परंतु त्या किड्यांवाचून उंबर नाही. उंबर, ज्याला आम्ही रुमड म्हणतो, ते फळ नसून आत मिटलेला फुलोरा आहे. परागकण घेऊन आलेली चिमुकली गांधीलमाशी तोंडाच्या अरुंद भोकातून आत घुसते, घुसताना बहुधा पंख गमावते, काही फुलांत अंडी घालते, काहींचे परागण करते आणि आतच मरते. पुढे तिचे पंखहीन नर आतच माद्यांना भेटतात, बाहेर पडायला बोगदा खणतात आणि मरतात. पंख असलेल्या माद्या पराग घेऊन दुसरे रुमड शोधायला उडतात. जगात या कुळातल्या वड-पिंपळ-उंबरांच्या साडेसातशेहून अधिक जाती आहेत आणि साधारणपणे प्रत्येकीची माशी निराळी आहे. झाडाची एक फांदी फुटली की पुष्कळदा माशीचीही फुटते. त्या रुमडांवर धनेश जगतो, धनेशाच्या विष्ठेतून बी दुसरीकडे पडते. एक जीव दुसऱ्यासाठी जागा निर्माण करतो. जागा आधीच मोजून ठेवलेल्या नसतात.

रानवाट, मोले

ताईंच्या शेवटच्या वाक्यावर आणखी एक पाहिलेले. आमच्या रानात झाडावरून झाडावर तरंगत जाणारे चार प्राणी आहेत. उडता सरडा लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेल्या कातडीने तरंगतो; हिरवा मलबार बेडूक बोटांमधल्या रुंद पडद्यांनी; उडती खार पुढच्या-मागच्या पायांमधल्या कातडीने; आणि उडता सोनसर्प अंग चपटे करून. उंच झाडांमधील अंतर ओलांडणे हा प्रश्न एकच, पण ज्याला वाडवडिलांकडून जे शरीर मिळाले त्यातूनच प्रत्येकाने उत्तर काढले. सत्तरीत बांबर येथील निरंकाराच्या राईत जाऊन पाहावे: तिथल्या गोड्या पाण्याच्या दलदलीत रानजायफळाच्या कुळातील झाडांनी मुळांचे गुडघे चिखलाबाहेर काढले आहेत, आणि मांडवीकाठच्या तिवरांनी, जी अगदी वेगळ्या कुळातली, चिखलातून श्वसनमुळांचे खुंट वर काढले आहेत. प्राणवायू नसलेल्या चिखलात गुदमरण्यावर दोघांनी स्वतंत्रपणे तोडगा काढला. देव निरंकार, आणि राईला मात्र आकार किती!

संकासूर, सावईवेरे

चार उडते प्राणी आणि एकालाही दुसऱ्याच्या पायरीवर चढावे लागले नाही, हे वाचून माझी शिडी डळमळली आहे. अवतार मी काल्यापुरते ठेवतो.

सडेकर, पेडणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नातीला सगळा धागा वाचून दाखवला. खाजनकारांचा बांध तिला तत्काळ पटला, माशीची गोष्ट तिने दोनदा वाचून घेतली. परंतु शेवटी ती कुळागरींच्याच बाजूने उभी राहिली. तिचे म्हणणे असे: "डबके वेगळे आणि भेग वेगळी, हे मान्य. पण एकाच डबक्यात सीतेची आसवे दोन प्रकारची आहेत, एक मोठ्या फुलाची आणि एक बारीक. पाणी तेच, माती तीच, दोघी किडेच खातात. त्यांच्यातली एक का हरली नाही?" यावर मी काय सांगावे?

वाळपईची बाई

काका, तिला सांगा की हाच प्रश्न १९६१ मध्ये एव्हलिन हचिन्सन या थोर परिस्थितिशास्त्रज्ञाने विचारला होता. त्याच्यापुढे डबक्याऐवजी तळ्यातील तरंगत्या सूक्ष्म वनस्पती, म्हणजे प्लवक, होत्या. सगळ्यांना तोच प्रकाश आणि तीच मोजकी क्षारद्रव्ये लागतात, मग इतक्या जाती एकत्र कशा, याला त्याने 'प्लवकांचे कोडे' म्हटले. त्याने सुचवलेले एक उत्तर असे की, पाणी स्थिर नसते. एक जात दुसरीला पूर्ण हरवण्याच्या आतच ऋतू पालटतो आणि पारडे फिरते. त्यावर अभ्यासक अजूनही वाद घालतात.

सड्यावरचे डबके तर चार महिन्यांचे. आषाढात ते तुडुंब, भाद्रपदात घोट्याएवढे, आश्विनात कोरडे. दोघींची फुले एकाच आठवड्यात ऐन भरात असतात का? दोघी पाण्याच्या सारख्याच खोलीत उभ्या असतात का? हे इथे बसून मी सांगणार नाही. तिने एक हात लांबीरुंदीची सुतळीची चौकट करून ती एकाच ठिकाणी चार दगडांनी दाबून ठेवावी आणि दर रविवारी दोन्ही प्रकारची फुले व पाण्याची खोली वहीत लिहावी. चौकटीच्या आत पाय ठेवू नये आणि एकही रोप उपटू नये.

सडेकर, पेडणे

चौकट आज दुपारीच करून झाली. पावसामुळे वही भिजते म्हणून तिने माझ्या जुन्या बँकेच्या खातेवहीची कोरी पाने प्लास्टिकच्या पिशवीत घातली आहेत. पहिली नोंद: मोठी फुले १४, बारीक ३१, पाणी चार बोटे.

कुळागरी, फोंडा

आश्विनापर्यंतचे आकडे इथेच टाकत जा. बारीक फुले जिंकतील यावर माझी एक पाटी जायफळे पैजेला.

निवटी

पाणी आटल्यावर कोण जिंकले ते विचारू नका. तोवर मी दुसऱ्या चिखलात गेलेलो असेन.